क्लोरिंद वाल्मीचं धड

१

आमच्या शिवणघरात एकदा माप दिलं की गिऱ्हाईक बाईला पुन्हा पुन्हा उभं राहावं लागत नाही. तिचं एक धड आम्ही करून ठेवतो. आत वेताचा सांगाडा, त्यावर कापूस, वरून जाड कापड ताणून पाठीवर शिवण. मान सुरू होते न होते तोच धड संपतं, हात नसतात, कमरेखाली लाकडाचा दांडा. मागच्या खोलीत अशी बेचाळीस धडं उभी आहेत आणि त्या सगळ्यांची देखभाल माझ्याकडे. बाई सुटली की कापूस भरायचा, वाळली की काढायचा. वीस वर्षं मी हेच करते आहे.

माझ्या शेजारी बाह्या शिवायला जोझेत बसते. तिची जीभ सुईपेक्षा जलद चालते. "उर्सुल, अगं माझंही एक धड कर की," ती म्हणायची, "आणि कमरेतून दोन मुठी काढून टाक. घरी नवरा तरी बघेल माझ्याकडे."

"तुझ्याकडे बघायला तो शुद्धीवर असतो कधी?" मी म्हणायची. बाकीच्या पोरी हसायच्या, आणि मालकीण मादाम तुर्नेल पडदा सारून आत बघायच्या. हसणं बंद.

त्या वर्षी आमच्या गल्लीमागची जुनी घरं पाडून रुंद रस्ता काढत होते. दिवसभर भिंती पडल्याचे आवाज आणि पांढरी धूळ. रेशमावर धूळ बसू नये म्हणून खिडक्या कायम बंद. आतली हवा बायकांच्या घामाची आणि इस्त्रीची. मला त्याचं काही वाटत नसे. त्या काळात मला कशाचंच फारसं वाटत नसे, हे आधीच सांगून टाकते.

धडांमध्ये सगळ्यात देखणं धड क्लोरिंद वाल्मीचं होतं. अख्ख्या पॅरिसला तिचं नाव ठाऊक होतं. शहाणी माणसं ते घरात घेत नसत, एवढंच. एका सरदाराने तिला घोडे दिले, दुसऱ्याने घर, तिसऱ्याने तिच्यापायी गोळी झाडून घेतली असं म्हणतात. रंगभूमीवर ती शिंपल्यातून वर येणारी देवी व्हायची, नाहीतर उघड्या खांद्यांची राणी. तोंडातून शब्द नाही. पडदा वर गेला की ती नुसती उभी राहायची आणि तिकिटं महिनाभर संपलेली असायची.

२

प्रत्येक बाईची एक लांब कागदी पट्टी असते. आकडे आम्ही लिहीत नाही, खाचा पाडतो. एक खाच छातीची, एक कमरेची, एक खांद्याची. टोकाला नाव. ज्याच्या त्याच्या खिळ्यावर पट्टी लटकलेली असते. वीस वर्षांनी हात खिळ्याकडे आपोआप जातो, नाव कोण वाचतं?

सप्टेंबरात भिंतीला चुना दिला तेव्हा पट्ट्या मीच उतरवल्या आणि मीच परत लावल्या. दुसऱ्या दिवशी वाल्मीच्या धडाचे खांदे बसके झालेले दिसले म्हणून मी शिवण उसवून कापूस नव्याने भरला. पट्टीवरून माप घेतलं. त्या धडावर जांभळ्या मखमलीचा झगा बेतला गेला, कापला गेला, शिवला गेला.

झगा पोचवायच्या दिवशी सकाळी मी नोटरीसाहेबांच्या बायकोची, मादाम पिकनार यांची पट्टी काढली. टोकाला नाव होतं वाल्मी.

मी दोन्ही पट्ट्या शेजारी धरल्या. मादाम पिकनारचा डावा खांदा जन्मापासून दोन बोटं खाली आहे. ते झाकायला आम्ही तिला नेहमी झालर देतो. आणि मी पॅरिसमधल्या सगळ्यात नावाजलेल्या खांद्यांवर तो खांदा चढवला होता. मादाम तुर्नेलना कळलं असतं तर त्याच दिवशी मी रस्त्यावर. मी कात्री, टाचण्या आणि उरलेली मखमल पिशवीत घातली आणि झगा घेऊन स्वतःच निघाले.

वाल्मी पलंगावर बसून मोठ्या वाडग्यातून दूध घातलेली कॉफी पीत होती. नुसता पेटीकोट, केस मोकळे. "ये गं," ती म्हणाली, "लवकर आटप. मला आज कंटाळा आलाय सगळ्याचा."

मी झगा घातला. मागे उभी राहून हुक लावले. कुठे ओढ पडेल, कुठे चुणी येईल, ते मला पाठ होतं. एकही चुणी आली नाही. झगा अंगावर असा बसला की बोट आत जाईना.

मी समोर येऊन पाहिलं. तिचा डावा खांदा दोन बोटं खाली होता.

"काय बघतेस?" ती म्हणाली. "गेल्या आठवड्यापासून अवघडलाय. मरियानला चोळायला लावलं, तरी वर येत नाही मेला." मरियान म्हणजे तिची मोलकरीण. ती दारात उभी राहून मान हलवत होती.

मी मखमलीचं फूल डाव्या खांद्यावर टाचलं आणि शिवणघरात परतले. परत येताना मी मनाशी बोलत होते. बाई वेडीवाकडी झोपली असेल. शीर आखडली असेल. असं होतं.

३

त्याच दिवशी मी खोलीत कुणी नाही असं बघून धडाचा खांदा नीट केला. आठ दिवसांनी मरियान मोजे घ्यायला आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"उतरलं की दुखणं," मरियान म्हणाली. "गुरुवारी दुपारी बसल्या बसल्या कट्कन आवाज झाला आणि खांदा जागेवर. मी तर घाबरलेच बाई."

गुरुवारी दुपारीच मी शिवण घातली होती. मी तिला मोजे बांधून दिले.

योगायोग असा असू शकतो. मी शहाणी बाई आहे. मी चर्चमध्ये मेणबत्ती लावते, पण पत्ते मांडून भविष्य सांगणाऱ्या बायकांकडे जात नाही. तरी त्या दिवसापासून मी त्या धडाच्या जवळ जाताना हात पुसून जायला लागले. त्याच्यात टाचणी राहिली आहे का हे दहादा बघायला लागले. जोझेत म्हणाली, "काय गं, वाल्मीची एवढी सेवा? मृत्युपत्रात नाव घालतेय की काय तुझं?"

ऑक्टोबरात वाल्मीला खोकला लागला.

४

खोकला मला ओळखता येतो. आमच्या जिन्यावर सहा मजले आहेत आणि प्रत्येक मजल्यावर कुणी ना कुणी तसा खोकून गेलं आहे. तशी माणसं कशी वाळत जातात, तेही मी पाहिलं आहे. आधी पाठ, मग छाती, मग गालांची हाडं. त्यामुळे दर पंधरा दिवसांनी माप घ्यायचं आणि मूठभर कापूस काढायचा, हे मी धरूनच चालले होते.

माप घेतलं. एका खाचेचाही फरक नाही.

"खातेस ना तू?" मी विचारून बसले. तिला मी कधी अगं-तुगं करत नाही, पण तोंडातून गेलं.

"सूप पिते. तेही राहत नाही," ती म्हणाली. तिने बाही वर केली. हात बघून मी पट्टी खाली ठेवली. मनगट माझ्या अंगठ्याएवढं होतं. कोपराचं हाड कातडीतून वर आलं होतं. चेहऱ्यावर पावडरचा थर होता, त्याखाली गाल नव्हतेच. आणि या सगळ्याच्या मधोमध ते खांदे, ती छाती, ती कमर. भरलेली, गोरी, जशीच्या तशी.

"डॉक्टर चक्रावलाय," ती हसत म्हणाली. "पाठीला कान लावतो आणि म्हणतो, आतून काही ऐकूच येत नाही. म्हणे उशीला कान लावल्यासारखं वाटतं. मी म्हटलं, अहो, या उशीवर डोकं ठेवायला लोकांनी घरं विकली आहेत."

मी हसले नाही. मी तिला पट्ट्यांची गोष्ट सांगितली. का सांगितली, ते अजून मला कळत नाही. नोकरी गेली असती.

तिने बाही खाली ओढली. मग म्हणाली, "मला दाखव."

गिऱ्हाईक बायका मागच्या खोलीत कधी येत नाहीत. मादाम तुर्नेल येऊच देत नाहीत. ती दुपारच्या जेवणाच्या वेळी आली, टोपीची जाळी तोंडावर ओढून, मागच्या जिन्याने. बेचाळीस धडांमधून तिने आपलं धड न विचारता ओळखलं. त्याच्यासमोर उभी राहिली. हातमोजा काढला आणि त्याच्या कमरेवर बोट ठेवलं. मी तिच्या मागे होते. तिच्या झग्यावर, कमरेपाशी, त्याच जागी कापड आत दबलं. तिथे कुणाचं बोट नव्हतं.

तिने हात मागे घेतला.

"ऐक," ती म्हणाली. "डिसेंबरात नवं नाटक आहे. पहिल्यांदा मला बोलायला दिलंय. कैद्याची बायको आहे मी त्यात. साधा लोकरीचा झगा. तिसऱ्या अंकात माझं एकटीचं भाषण आहे, सव्वा पान. पंधरा वर्षं लोक मला बघताहेत, उर्सुल. मला एकदा त्यांना ऐकवायचंय. तोवर यातली चिमूटभरसुद्धा काढू नकोस."

"मादमोआझेल, हे बरोबर नाही."

"माझी आई धोबीण होती. दुसऱ्यांच्या चादरी धुता धुता नदीवरच मेली. मला काय बरोबर ते नको सांगूस. वचन दे."

मी दिलं. मला त्याचं फार काही वाटलं नाही. एक काम सांगितलं, मी हो म्हटलं, एवढंच.

५

पहिल्या प्रयोगाच्या आदल्या दिवशी दुपारी रंगीत तालीम असते. तिला वर्तमानपत्रवाले, लेखक, थोरामोठ्यांच्या बायका, सगळे येतात. नाटकाचं काय होणार ते त्याच दुपारी ठरतं. लोकरीचा झगा अंगावरच शिवून द्यायचा होता म्हणून मी रंगपटात होते.

मी पाठ शिवत होते. मध्ये एकदा सुई चुकून झग्याच्या आत गेली, अर्धी. ती हलली नाही, ओरडली नाही. मी सुई बाहेर काढली. टोकाला कापसाचा तंतू होता.

आतल्या घट्ट कॉर्सेटमधला असेल. कॉर्सेटला कापसाचं अस्तर असतं. मी तंतू चिमटीत धरून खिशात टाकला आणि पुढचा टाका घातला.

तिसऱ्या अंकाला मी पडद्याच्या आडून पाहिलं. ती पुढे आली. साध्या झग्यातही सगळं सभागृह ताठ झालं. टाळ्या वाजवायला भाड्याने आणलेली माणसं मध्यभागी बसली होती, त्यांनी सुरुवात केली, बाकीच्यांनी साथ दिली. ती थांबली. मग तोंड उघडलं.

धड मानेपाशी संपतं, हे मी सांगितलं आहे. घसा माझ्याकडे नव्हता. घशात कुणी कापूस भरत नव्हतं. तिचे ओठ हलत होते आणि मला, सात पावलांवर उभ्या असलेल्या बाईला, वारा गेल्याएवढंच ऐकू येत होतं. तिसऱ्या रांगेपुढे काही पोचलं नसेल. ती सव्वा पान शेवटपर्यंत बोलली. एकही शब्द तिने टाकला नाही, ते मला ओठांवरून कळत होतं.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रंगमंचालगतच्या सज्ज्यात बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "काय बाई आहे! बोलली काय आणि न बोलली काय."

ती आत आली तेव्हा तोंडावरची पावडर रेघांनी फाटली होती. माझ्याकडे बघून तिने फक्त मान हलवली. मला तेव्हा तिची दया आली. दोन वर्षांत मला पहिल्यांदा कुणाची तरी दया आली होती.

दुसऱ्या दिवशी भूमिका दुसरीला दिली गेली.

६

त्याच्या दोन वर्षं आधी माझी मुलगी मेलानी कॉलराने गेली होती. सकाळी तिने पाव आणला होता. दुपारी चारला मी तिचे पाय चोळत होते, ते गार होते, आणि सहाला गाडीवाले तिला घेऊन गेले. सतरा वर्षांची होती. मी दुसऱ्या दिवशी कामावर आले आणि कापूस भरायला बसले. लोक म्हणाले, उर्सुल दगडाची आहे. मलाही तसंच वाटलं. हे इथे का सांगते आहे, ते पुढे कळेल.

जानेवारीत मरियान मला बोलवायला आली. जिन्यातच रडायला लागली. "पाद्री दोनदा मरणाचं तेल लावून गेला," ती म्हणाली. "दोन्ही वेळा म्हणाला, आजची रात्र निघणार नाही. आज विसावा दिवस. काही जात नाही पोटात, पाण्याचा थेंबसुद्धा. आणि छाती वर-खाली होतेच आहे. माणूस असं जगतं का हो?"

खोलीचे पडदे उघडे होते, ऊन पलंगावर पडलं होतं. उशीवरचं डोकं मी ओळखलं नसतं. चादरीवर दोन काठ्या होत्या, त्यांना बोटं होती. चादरीखाली मात्र ती भरलेली होती आणि सावकाश वर-खाली होत होती. श्वास नाकातून येत नव्हता. मी तोंडापाशी गाल नेऊन पाहिलं. काही नाही. खाली मात्र वर-खाली चालूच.

तिने डोळे उघडले. ओठ हलले. मी कान लावला.

"काढ," ती म्हणाली. "सगळं काढ, उर्सुल. मला जाता येत नाहीये."

"दुखतं का?"

"दुखलं असतं तर बरं झालं असतं. आत कुणीच नाही. मी इथे वर तेवढी, डोक्यात. काढ गं."

मी म्हटलं, काढते. रविवारी दुकान बंद असतं तेव्हा काढते. तिने डोळे मिटले आणि तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी त्या चेहऱ्यावर कधी पाहिलं नव्हतं. पंधरा वर्षं कुणीही तिच्याकडून काही न घेता तिला काही दिलं नसावं.

७

रविवारी प्रार्थनेनंतर मी किल्ली घेऊन आले. बाहेर पाडापाडी बंद होती, त्यामुळे खोली अगदी गप्प होती. मी वाल्मीचं धड खिडकीपाशी ओढलं, पाठीची शिवण मानेपासून कमरेपर्यंत उसवली आणि गोणी उघडून ठेवली.

वरचा कापूस मीच भरलेला होता, पांढरा, कोरडा. खांद्यांचा काढला. छातीचा काढला. कापड सैल पडत गेलं. मला काही वाटत नव्हतं. वीस वर्षं मी मेलेल्या गिऱ्हाइकांची धडं अशीच रिकामी करत आले आहे. सांगाडा पुसायचा आणि दुसऱ्या बाईला चढवायचा.

मग हात खोल गेला, वेतापाशी, डावीकडे. तिथला कापूस दमट होता. ओल धरली असेल म्हणून मी चाचपलं. तो उबदार होता.

मी हात तसाच ठेवला. कापूस हलला. माझ्या तळव्याला टेकला, मागे गेला, परत टेकला. घाई नाही, घाबरणं नाही. खिडकीतून थंड उजेड येत होता, माझ्या तोंडाची वाफ दिसत होती, आणि तेवढा एक हात कोपरापर्यंत उबेत होता. आत काय होतं ते मी बघितलं नाही. शिवणीतून थोडं दिसलं, एवढंच. काही तरी लालसर, नखाएवढं, आणि त्यावर कापसाचे तंतू केसासारखे चिकटलेले. मी लगेच मान वळवली.

मला रडू आलं. मेलानी गेल्यावर आलं नव्हतं ते आलं. मी फरशीवर गुडघ्यांवर बसून, एक हात त्या धडात घालून, तोंड उघडं टाकून रडले. किती वेळ ते ठाऊक नाही. माझ्या हाताला काहीतरी जिवंत लागत होतं आणि मला ते सोडवत नव्हतं. त्या बाईला 'काढते' म्हटलेलं मला पूर्ण आठवत होतं. मला माहीत होतं की एक मूठ ओढायची आहे. एवढंच काम आहे. मी बोटं मिटली. मग उघडली.

गोणीतला कापूस मी परत भरला. छाती, खांदे, पाठ. शिवण घातली, पण सैल, चार-पाच टाक्यांची.

सोमवारी सकाळी मरियान आली. जोझेत आणि इतर पोरींच्या समोर नको म्हणून तिला जिन्यात नेलं.

"मादमोआझेलनी विचारलंय, ते काम झालं का?" ती म्हणाली. "काम कसलं ते मला माहीत नाही. पण कालपासून त्यांनी केस विंचरून घेतलेत. पांढरी चादर घालायला लावली. डोळे दाराकडे लावून बसल्यात बिचाऱ्या. काय सांगू?"

"सांग, झालं म्हणून," मी म्हटलं. "अगदी सगळं काढलं म्हणावं. आता फार वेळ लागायचा नाही."

मरियानने माझे हात धरले, देव तुमचं भलं करो म्हणाली आणि गेली.

ही गेल्या वर्षीच्या जानेवारीतली गोष्ट. मरियान अजून दर सोमवारी येते आणि जिन्यात उभी राहून तेच विचारते. मी तिला तेच सांगते. मग दुपारी पोरी जेवायला गेल्या की मी मागच्या खोलीत जाते, चार टाके सोडते आणि हात आत घालते.